मेक्सिकोची मालिका अन् दाराआडची सून

दोन हजार चोवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले होते. डोळे नवीन होते, आणि घरातला टीव्हीही नवीन होता. पहिल्या टीव्हीत माणसं निळी दिसायची. माझ्या जुन्या डोळ्यांना ती तशीच बरी वाटायची. नवीन टीव्हीत माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसे. मी पहिल्या दिवशी जवळ जाऊन काचेवरून बोट फिरवलं होतं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढचं सगळं पेपर वाचून वाचून आलं. लिहिताना बोलल्यासारखं लिहितो. ज्याला चुका काढायच्या त्यानं काढाव्यात. मी बदलणार नाही.

आमचं गाव वाशीम आणि अनसिंगच्या मधे, रस्त्याच्या फाट्यावरून आत. फाट्यापासून गावापर्यंत बाभळीच आहेत, दिवा एकही नाही. गावातल्या पाचसहा बाया वाशीमकडच्या एका दाळमिलमध्ये जायच्या, त्यांत माझी सून होती. मिलवाल्यानं ठरवलेली काळीपिवळी जीप त्यांना सकाळी फाट्यावरून न्यायची आणि संध्याकाळी फाट्यावरच सोडायची. मिलमध्ये त्या सरकत्या पट्ट्यावरची तूर निवडत, पोती शिवत, झाडलोट करत. माझा मुलगा ट्रकवर. आज हैदराबाद, उद्या नागपूर. त्यामुळे घरात मी, म्हातारी आणि सून, एवढीच माणसं.

आता आमच्या घरची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सून सासऱ्यासमोर बसत नाही आणि सासऱ्याशी बोलत नाही. काही विचारायचं असलं तर सासूला विचारायचं. "आत्याबाई, मामाजीले चाहा ठेवू का?" मी तिथंच बसलेलो असतो, मला ऐकू येतं, तरी म्हातारी माझ्याकडे वळून म्हणते, "चाहा ठेवू का म्हनते." मग मी म्हातारीला सांगतो, "ठेव म्हना." असा आमचा चहा दोन बायांच्या तोंडून फिरून यायचा. हे मला कधी विचित्र वाटलं नाही. माझ्या आईनं माझ्या आजोबाला मरेपर्यंत तोंड दाखवलं नव्हतं.

तर टीव्ही बैठकीतल्या भिंतीवर होता. समोर पुरुषांची सतरंजी. बाजूला स्वयंपाकघराचं दार, त्याला पडदा. पडदा थोडा सरकवला की आतून अर्धा टीव्ही दिसतो. सून तिथून पाहायची. टीव्हीला मोबाइल जोडायचं काम तिलाच येत होतं, म्हणून मालिका तीच लावून द्यायची, मी बैठकीत येण्याआधी.

एका संध्याकाळी जेवण करून मी बसतो तर टीव्हीवर भलतंच. कोरडं रान, मुरमाड, आपल्या उन्हाळ्यातल्या माळासारखं. त्यात पत्र्याच्या लांबच लांब कंपन्या. पहाटेच्या अंधारात बायांची रांग बसमध्ये चढून राहिली आहे, प्रत्येकीच्या हातात डबा.

"हे कोनतं गाव हाये?" मी म्हातारीला विचारलं.

म्हातारीनं आत विचारलं. आतून उत्तर आलं, आणि म्हातारीनं बाहेर दिलं, "मेक्सिको म्हनते. अमेरिकेच्या बांधाले लागून हाये म्हने."

"अन् हे कोनी लावलं?"

"रिमोट दबला म्हनते."

मी म्हटलं बदला. तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी बाई चुलीवर मक्याच्या पोळ्या भाजायला लागली, हातावर थापून, आणि बाजूला पाट्यावर लाल मिरची वाटलेली. मी म्हटलं, थांबा. हे तर आपल्यासारखेच लोक आहेत! आणि ती बाई तोंड उघडते तर काय, शुद्ध हिंदी. तेही लखनौचे लोक बोलतात तसं. मला हसूच आवरेना.

गोष्ट अशी. त्या गावात मोटारीच्या वायरी गुंडाळायच्या कंपन्या. तिथं हजारो पोरी कामाला. आणि एकेक पोरगी कामावरून घरी येता येता नाहीशी होते. काही रानात सापडतात, काही सापडतच नाहीत. पोलीस म्हणतात, पळून गेली असेल कुणासोबत. त्या पोळ्या करणाऱ्या बाईची लेक अशीच गेली. तर ती माय एक लोखंडी सळई घेते, रानात जाते, सळई जमिनीत खुपसते, बाहेर काढते आणि टोकाचा वास घेते. मला आधी कळेचना की ही काय करते. कळलं तेव्हा माझ्या हातातली शेंगदाण्यांची वाटी तशीच राहिली. जमिनीत पाणी शोधणारे मी खूप पाहिले. लेकीला असं शोधणारी माय पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दिवस मावळायच्या आधीच जेवून घेतलं.

"आज भूक लौकर लागली?" म्हातारी म्हणाली.

"भूक नाही. मेक्सिको लागते आता."

माझी एक खोड आहे. मला गोष्ट एकट्यानं पाहवत नाही. मी शेजारच्या टेलर मास्टरला बोलावलं. मास्टर म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपीकाम करणारा मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, मूळचा मंगरूळपीरचा, जिभेनं कात्रीपेक्षा तेज. त्याच्या मागं मागं पलीकडच्या घरातला शेजारीही आला. त्याची अठराएकोणीस वर्षांची पोरगी माझ्या सुनेबरोबर मिलमध्ये जायची. ती आत पडद्याआड बायांत बसली. तिसऱ्या दिवशी मिलमधल्या बाकीच्याही बाया आल्या. बाहेर आम्ही पुरुष, आत त्या, आणि मधे तो पडदा. असा आमचा सिनेमा सुरू झाला.

काय मजा यायची सांगू! खुनी कोण, यावर माझी आणि मास्टरची शर्त. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला चारचौघांत 'उस्ताद' म्हणायचं. मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, बसचा ड्रायव्हर.

"भाऊ, तुमारा अंदाज गलत हय," मास्टर म्हणाला. "ड्रायव्हर गरीब आदमी. ये काम बडे घर का हय."

"बडे घरचा मानूस बसमंदी बसते काय?"

"बस में नइं बैठता, इसीलिये तो पकडा नइं जाता."

पुढच्या भागात तो ड्रायव्हरच मेला. मास्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि आतून बायांचं खसखस हसू आलं. पण मी हार मानणारा माणूस नाही. मी म्हटलं, मेला म्हणून काय झालं, मरायच्या आधी त्यानंच केलं असेल.

मी टीव्हीशी बोलायचो. मोठ्यानं बोलायचो. मालिकेत त्या पोरींचा तपास करणारी एक पोलीसबाई होती, ती एका अंधाऱ्या कोठारात एकटीच शिरते, तेव्हा मी ओरडलो, "अवं बाई, कायले जातं एकली? मांगं पाह्य, मांगं!" आणि खरोखर तिच्या मागं माणूस होता! मी गुडघ्यावर उभाच राहिलो. म्हातारी म्हणाली, "बसा खाली. टीव्हीतले ऐकते काय तुमचं? घरातले ऐकत नाही." मास्टर हसून हसून खोकलला.

दिवसासुद्धा माझ्या डोक्यात तेच. पारावर बसलो की मी लोकांना कालचा भाग सांगायचो. लोक विचारायचे, "बुढ्याले काय झालं?" मी म्हणायचो, तुम्ही या, पाहा, मग बोला. माझ्या आयुष्यात मी इतका कशासाठी थांबलो नव्हतो, जितका त्या दिवसांत संध्याकाळसाठी थांबायचो. फक्त एक अडचण होती. बाया मिलमधून यायला उशीर करायच्या. तुरीचा हंगाम होता, मिल जोरात होती, हे मला कळत होतं. पण शिट्टी झाली तरी त्यांची जीप मिलच्या फाटकाबाहेर उभीच असते, असं जीपवाला पारावर सांगायचा. "ह्या बाया एकीसाठी सगळ्या बसून राह्यते, बाबा. माहं डिझेल जळते." मी म्हटलं, बायांच्या गप्पा, दुसरं काय.

मग ती संध्याकाळ आली.

त्या भागात एका नव्या पोरीची गोष्ट होती. हसतमुख पोरगी, कंपनीत नवीनच लागलेली. सुट्टीची घंटा झाली, सगळ्या बसकडे निघाल्या. तेवढ्यात तिचा साहेब म्हणतो, तू थांब, तुझी मशीन पुसून जा. ती थांबते. बस हॉर्न देते. पोरगी काचेतून बसकडे पाहते, साहेबाकडे पाहते. बस निघून जाते. दुसऱ्या दिवशी ती पोरगी कामावर येते, पण हसत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच थांबवलं. घरी गेल्यावर आई विचारते, "बेटी, क्या हुआ?" पोरगी म्हणते, "कुछ नहीं, अम्मा, थक गई हूँ."

मला राहवेना. मी ओरडलो, "अवं पोरी, सांग ना घरी! तोंड नाही काय तुले? माय इचारून राह्यली तुले!"

"भाऊ, वो सुनती नइं," मास्टर म्हणाला.

"सांगत काहून नाही पन ते?" मी म्हटलं. "इतकी काय भेते? घरच्यायले सांगाले काय होते?"

आणि पडद्याआडून आवाज आला.

"सांगतलं का घरचे पह्यले कामच बंद करते, मामाजी."

माझी सून बोलली होती. आत्याबाईला नाही. मला. सरळ मला.

म्हातारीचा हात सुपारीच्या डब्यात तसाच राहिला. मी टीव्ही थांबवायला रिमोट उचलला आणि कोणतं बटन दाबलं देव जाणे. टीव्ही थांबलाच नाही, उलट ती मेक्सिकोची म्हातारी हिंदी सोडून तिच्या खऱ्या भाषेत बोलायला लागली. भराभरा, जशी आपली एखादी बाई विहिरीवर भांडते तशी. मास्टरनं उठून टीव्हीची वायरच उपटली.

मग मी विचारलं. कुणाला विचारावं हेच मला कळेना. म्हातारीकडं पाहून विचारावं की पडद्याकडं पाहून? मी पडद्याकडं पाहिलं.

"तुमच्या मिलमंदी बी असंच होते काय?"

आत बांगड्या वाजल्या. मग सून बोलायला लागली, आणि जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. माझ्या घरात आल्यापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. चांगला खणखणीत आवाज आहे तिचा.

मिलमध्ये एक मुकादम आहे. बायांची हजेरी तोच घेतो, कुणी पट्ट्यावर बसायचं आणि कुणी पोती उचलायची तेही तोच ठरवतो. शिट्टी झाली की तो एखादीला म्हणतो, तू थांब, पट्टा झाडून जा. बाकीच्या बाहेर गेल्या की शटर अर्धं खाली ओढतो. हात धरतो. कुणाच्या पाठीवरून हात फिरवतो. जी झटकून देते तिला दुसऱ्या दिवसापासून पोती. एक बाई त्यामुळं काम सोडून गेली. तिनं घरी सांगितलं की कंबर दुखते.

"म्हनून आमी ठरोलं," सून म्हणाली, "एकीले थांबोलं तं सगळ्या थांबाच्या. फाटकाजोळ बसून राहाचं. जीपवाला कितीक बोंबलो. शटरच्या खालून आमचे पाय दिसले पाह्यजे त्याले."

"म्हनून उशीर," म्हातारी पुटपुटली.

"अन् आता?" मी म्हटलं.

मग दुसराच आवाज आला, बारीक. शेजाऱ्याच्या पोरीचा.

"परवा त्यानं मले दुपारीच गोदामात धाडलं. पोते मोजाले. मांगून आला. मी त्याच्या हाताले चावली, आबा. रगत निंगालं. काल फाट्यावर त्यानं गाडी उभी केली व्हती, लाइट बंद करून. आमी सगळ्या हात धरून आलो."

तिचा बाप माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता. तो हळूच उठला. गरीब माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही.

"चाल व घरी," तो पडद्याकडं पाहून म्हणाला. "उद्यापासून मिल बंद."

"पाहा," आतून सून म्हणाली. "म्या काय म्हनलं व्हतं?"

म्हातारीही म्हणाली, "सुनेले बी राहू दे घरीच. काय अडलं हाये आपलं?"

आता तुम्ही समजून घ्या, मला राग आला. राग मुकादमाचा होताच, पण सुनेनं माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर सांगितलं की तुम्ही असंच करणार, आणि दोन मिनिटांत आम्ही तसंच केलं, याचा मला जास्त राग आला. कुणी माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवावं की हा बुढा काय करणार, आणि मी तेच करावं? कधीच नाही!

"बस खाली," मी शेजाऱ्याला म्हणालो.

"बसाले काय आता? तमाशा झाला."

"बस म्हनतो ना. बिचूनं डंख मारला तं आपन बिचूले मारतो का आपला पाय तोडतो? त्यानं हात धरला. घरी बसन तं तो बसन."

"बोलाले सोपं हाये, दाजी," तो म्हणाला. "तुमची सून हाये. तिले नवरा हाये, घर हाये. माही पोरगी हाये. तिचं लगन व्हाचं हाये. उद्या ठान्यात गेली तं अख्ख्या तालुक्यात नाव निंगन. कोन करन मंग इच्याशी लगन? तुमी कराल?"

मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवायला गेलो, त्यानं हात सोडवला.

उत्तर पडद्याआडून आलं. "बाबा, मी घरी बसली तं तो म्हनन का मीच वाईट व्हती, म्हनून काढली. त्यानं तं आताच सांगनं चालू केलं हाये. नाव निंगालंच हाये, बाबा. आता खरं तं निंगू द्या."

मास्टर इतका वेळ टीव्हीची वायर हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "सुनो. एक अकेली जाइंगी तो बोलेंगे झूट हय. पाच जाइंगे तो कैसे बोलेंगे? ये बच्चियाँ शटर के सामने बैठती ना सब मिल के? वैसेच ठाने के सामने बैठेंगे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "और भाऊ, अपनी शर्त कॅन्सल. मेक्सिको का कातिल कोई भी हो, अपना मिल गया."

मास्टरनं वायर खाली ठेवली.

आम्ही ठरवलं, सकाळी सगळ्यांनी मिळून ठाण्यात जायचं. मी मुलाला फोन लावला. तो कुठंतरी टोलनाक्यावर होता. म्हणाला, "बाबा, मी दोन दिवसांत येतो, तवा पाहू." मी म्हटलं, "तू ये सावकाश. आमी जाऊन येतो." आणि फोन ठेवला. शेजारी पोरीला घेऊन घरी गेला. येणार की नाही ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही कुणी विचारलंही नाही.

अंथरुणावर पडलो तरी मला चैन नव्हतं. माझ्या अंगात वीज खेळत होती. उद्या ठाण्यात काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. आधी माझं नाव, मग गावात माझी काय पत आहे, मग मुकादम, मग मेक्सिको. मेक्सिको सांगावं की नाही यावर मी फार विचार केला आणि सांगायचंच ठरवलं.

सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, काठी घेतली आणि बायांच्या आधी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. मास्टर आला, गळ्यात टेप तसाच. बाया आल्या. सगळ्यात शेवटी शेजारी आला, पुढं तो, मागं त्याची पोरगी. पोरीनं नवीन ओढणी घेतली होती. जीप आली तशी तो मागच्या पायरीवर लटकून उभा राहिला.

माझी सून आणि मी एका गाडीत कधी बसलो नव्हतो. ती खाली उभी राहिली, मी आधी चढावं म्हणून. मी म्हटलं, "पुढं बस. तुलेच बोलाचं हाये ना? गाडी कुठं घ्याची ते तू सांग त्याले." जीपवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मिलच्या वळणावर त्याचा पाय ब्रेकवर गेला. सून म्हणाली, "सीधी घे, भाऊ." त्यानं सरळ घेतली.

ठाण्यात एक जमादारबाई होत्या. तरुणच होत्या, पण आवाज करारी. मी पुढं झालो, घसा साफ केला आणि म्हणालो, "बाईसाहेब, त्याचं असं हाये..."

"मामाजी," मागून सून म्हणाली, "तुमी भाईर थांबा. आमी सांगतो."

माझं सगळं जुळवलेलं भाषण तोंडातच राहिलं. जमादारबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, बाबा. पुरुष मंडळी बाहेर." पाचही बाया आत गेल्या. दार ओढलं गेलं. मी बाहेर उभा, मला काही ऐकू येईना. मी आयुष्यभर पडद्याच्या बाहेरच बसत आलो होतो, पण असा ताटकळत कधी बसलो नव्हतो. मधे एकदा सुनेचा तो खणखणीत आवाज आला, आणि मास्टर म्हणाला, "बोल रई हय. अच्छा बोल रई हय."

जीप मिलवर थांबली नाही, याची खबर लागलीच असेल; तेवढ्यात मोटरसायकलवरून दोघं आले. पुढं मिलचा कारभारी, इस्त्रीच्या कपड्यात. मागं एक धिप्पाड माणूस, उजव्या हाताला पांढरी पट्टी गुंडाळलेली. शेजाऱ्यानं ती पट्टी पाहिली आणि तो पुढं सरकला. मी त्याचं मनगट धरलं.

कारभारी माझ्या पाया पडायला वाकला. "बाबा, थोडा गैरसमज झालाय. बायका आहेत, घाबरतात. त्यांना बाहेर बोलवा, इथंच बोलून मिटवून टाकू. पोरीबाळींचा प्रश्न आहे, गावात उगाच चर्चा नको."

"आत बाया बोलून राह्यल्या," मी म्हटलं. "त्यायचं होऊ द्या."

"आम्हाला साहेबांना भेटायचंय. दोनच मिनिटं. बाजूला व्हा."

ठाण्याला पायऱ्या होत्या आणि वर अरुंद दार. मी वरच्या पायरीवर बसलो, पाय पसरले आणि काठी आडवी ठेवली. मास्टर माझ्या एका बाजूला येऊन बसला. मग शेजारी आला. तोही बसला, माझ्या दुसऱ्या बाजूला, खांद्याला खांदा लावून.

"बाबा, सांगून राहिलो ना, बाजूला व्हा," कारभारी म्हणाला. आता त्याच्या आवाजात पाया पडणं नव्हतं.

मी पट्टी बांधलेल्या माणसाकडं पाहिलं आणि म्हटलं, "नाही होत."

आणि दार उघडून जमादारबाईंनी स्वतः त्याला आत बोलावेपर्यंत मी तिथून हललो नाही.